जोडणी झाली

साइला : नाही, पुन्हा पहिल्यापासून. आणि समोर मी बसलेय हे विसर. चौकशीवाल्या बाई बसल्यात असं समज. वय साठ, कॉम्प्युटरवर मेल वाचण्यापलीकडे काही करत नाहीत. त्यांना सांग.

तेमू : लेखी दिलंय ना सगळं, साइला.

साइला : ते लेखी आपल्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यावरून गेलं. सोमवारी साडेनऊला तू, अकराला मी. तू तिथे काय बोलणार ते ऐकल्याशिवाय तुला या स्वयंपाकघरातून हलू देणार नाही. आणि ते वेलचीचे पाव ठेव बाजूला, मी काही आजारी नाही.

तेमू : बरं. तर... आमची ओउलू शहरातली लहानशी कंपनी आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आम्ही गळ्यात घालायचं बटण बनवतो. कोणी पडलं, छातीत दुखलं, की बटण दाबायचं. घरातली पेटी लगेच ड्यूटीवरच्या नर्सला फोन लावते. त्या पेटीतला प्रोग्राम आमचा.

साइला : हं. पुढे.

तेमू : आम्ही लिहिलेला कोड एका ठिकाणी ठेवलेला असतो. सगळ्यांचं मिळून एक कपाट, असं समजा. दुसरीकडे एक बिल्ड सर्व्हर असतो. म्हणजे मशीन. ते कपाटातला कोड घेतं, त्याचा चालता प्रोग्राम बनवतं आणि पेट्यांना पाठवतं. पूर्वी हे काम साइला कोर्पेला यांच्याकडे होतं. दर शुक्रवारी त्या स्वतः...

साइला : स्वतः तपासून. ते गाळू नकोस.

तेमू : स्वतः तपासून करायच्या. ऑक्टोबरमध्ये कौटुंबिक कारणाने त्या रजेवर गेल्या.

साइला : आई मरत होती म्हण की सरळ.

तेमू : आई आजारी होती. म्हणून असं ठरलं, की कपाट आणि मशीन एकमेकांना थेट जोडायचं. कोणी कोड ठेवला रे ठेवला, की मशीनला आपोआप वर्दी जाणार, ते बनवणार आणि पाठवणार. अशी जोडणी करायला एक किल्ली लागते. पासवर्डसारखीच, कोणाच्या तरी नावाची. तेव्हा साइला कोर्पेला यांची किल्ली वापरली गेली आणि शुक्रवारी दुपारी जोडणी झाली.

साइला : थांब. काय झालं?

तेमू : जोडणी झाली.

साइला : अंधार होतो, तेमू. सर्दी होते. जोडणी कशी होते? कोणी केली?

तेमू : आपण... म्हणजे टीमने.

साइला : टीमला हात असतात का रे? कोणाच्या हाताखाली कीबोर्ड होता?

तेमू : वकिलांनी सांगितलंय, एकाचं नाव घेऊ नका. टीम म्हणा, प्रक्रिया म्हणा.

साइला : वकिलांना काय जातंय सांगायला! नाव तर घेतलेलंच आहे. मशीनच्या नोंदींचं ते बाड उघडून बघ. शुक्रवार, दोन वाजून दहा मिनिटं, साइला कोर्पेला. जोडणी सुरू केली, साइला कोर्पेला. साठ घरांना प्रोग्राम पाठवला, साइला कोर्पेला. पोलिसांचं पत्र माझ्या नावाने आलंय. 'निष्काळजीपणामुळे मृत्यू'. मी ते पत्र फ्रिजवर लावलंय, बघ वळून. रोज दूध काढताना वाचते.

तेमू : मला माहीत आहे ग.

साइला : तुला काय डोंबल माहीत आहे! तू मला हॉस्पिटलात फोन केलास. मी व्हरांड्यात उभी, आत आईचा श्वास घरघरतोय. म्हणालास, किल्ली दे, फक्त आजच्यापुरती, सोमवारी बदलतो. मी विचारलं होतं, कंपनीच्या नावाची का काढत नाहीस?

तेमू : तिला अर्ज लागतो. दोन आठवडे जातात त्यात.

साइला : दोन आठवडे! आणि मी मूर्ख. तीस आकडे-अक्षरं वाचून दाखवली तुला भिंतीला टेकून. एकही चुकलं नाही. बरं, आता जोडताना ती चुकीची खूण कोणी केली ते सांग बाईंना.

तेमू : कपाटात खण असतात. एकात पक्का कोड, बाकीच्यांत ज्याचे त्याचे प्रयोग. जोडताना मशीनला सांगावं लागतं, फक्त पक्क्या खणाकडे लक्ष ठेव. तिथे दोन पर्याय असतात. 'मुख्य' आणि 'सगळे'. 'सगळे' यावर खूण केली गेली.

साइला : केली गेली!

तेमू : मला बघायचं होतं चालतंय का! पक्क्या खणात हात घालायचा तर दोघांची सही लागते आणि तू नव्हतीस. म्हणून माझ्या खणातून करून बघितलं. पाच मिनिटांनी 'मुख्य' करणार होतो. मग मुलीला बर्फावरच्या हॉकीला सोडायचं होतं, उशीर झाला होता, आणि... राहिलं.

साइला : राहिलं. आणि तुझ्या खणात काय होतं?

तेमू : तुला माहीत आहे.

साइला : बाईंना नाही माहीत.

तेमू : चाचणीचा प्रोग्राम. त्यात नर्सचा नंबर काढून आमच्या चाचणीच्या फोनचा नंबर घातलेला होता. तो साठ घरांत गेला. एकोणसाठ घरांत दोन दिवसांत कोणी बटण दाबलं नाही.

साइला : आणि साठावं घर?

तेमू : श्रीमती आउने केर्त्तुला. वय चौऱ्याऐंशी. शनिवारी दुपारी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. अकरा वेळा बटण दाबलं. रविवारी सकाळी शेजारीण आली तेव्हा...

साइला : तिच्या मुलीने मला फोन केला होता, मंगळवारी.

तेमू : तुला? का?

साइला : अरे, कागदावर नाव माझं ना! विचारलं तिने, माझी आई बटण दाबत होती तेव्हा तुम्ही कुठे होतात? मी म्हटलं, माझ्या आईच्या उशाशी, ती त्याच संध्याकाळी गेली.  यावर ती मुलगी म्हणाली, माफ करा हं, आणि फोन ठेवला. तिने माझी माफी मागितली, तेमू! लाजेने मेल्यासारखं झालं मला. ती माफी माझी नव्हती रे.

तेमू : मी सांगेन. किल्ली मी मागितली, खूण मी केली. सांगेन. नोकरी गेली तर गेली.

साइला : 'मी' म्हणालास. चला, तोंड उघडलं म्हणायचं. आता मला अजून एक सांग. तो चाचणीचा फोन ऑफिसात चार्जिंगला होता, असं लेखी दिलंयस.

तेमू : हो.

साइला : शनिवारी रात्री आपल्या टीममधली काटी माझे कागद न्यायला ऑफिसात गेली होती. चार्जर नुसताच लोंबत होता म्हणाली.



तेमू : घरी नेला होता मी.

साइला : देवा रे.

तेमू : शनिवार होता. मेहुणा आलेला. आम्ही सौनाच्या वाफेत बसलो होतो, फोन बाहेर बाकावर. वाजला. मेहुणा म्हणाला, उचल की. मी म्हटलं, तो उचलायचा फोन नाही, नुसता वाजायचा आहे.

साइला : म्हणजे काय?

तेमू : मशीनने प्रोग्राम बनवला की दर वेळी त्या फोनवर एक खोटा अलार्म यायचा. तसं मीच लावून ठेवलं होतं. माझ्या खणात तासातासाला आपोआप कोड पडेल असं.

साइला : आणि अकरा जास्तीचे वाजले ते?

तेमू : फोन पालथा होता. मी स्क्रीन बघितलीच नाही. आम्ही थंड व्हायला पायरीवर आलो तेव्हा वाजला, परत आत गेलो तेव्हा वाजला. मोजलं नाही मी.

साइला : कोणाला माहीत आहे हे?

तेमू : कोणाला नाही. मेहुण्यालाही काही कळलेलं नाही.

साइला : म्हणजे तू गप्प बसलास तर गप्पच राहील.

तेमू : हो.

साइला : मी काही गप्प बसणार नाही, हे तुला कळतंय ना? अकराला माझी पाळी आहे.

तेमू : कळतंय.

साइला : मग साडेनऊला तूच सांग. आणि त्या बाई सोडणार नाहीत तुला. फोन वाजत होता तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं, म्हणून विचारतील. काय सांगशील?

तेमू : ते नको विचारूस.

साइला : त्या विचारणार.

तेमू : बरं वाटत होतं.

साइला : काय?

तेमू : बरं वाटत होतं मला, साइला. वाजला की वाटायचं, चालतेय माझी जोडणी.