गॅसला मराठीत काय म्हणतात?

पोरांना घरीच शिकवायचं म्हणताय ना? मग आमच्या सुरतेतल्या गोडादऱ्याच्या शेजारणीचं ऐका. वर्षा मूळची धुळ्याकडची. तिची चिंगी शाळेत गुजराती बोलायला लागली, म्हणून तिनं पोरीला शाळेतूनच काढलं आणि मोबाईलवर मातृभाषा शिकवणारा एक खेळ घेतला. तो खेळ म्हणे घरातलं बोलणं ऐकतो. शुद्ध मराठी बोललं की टाळ्या वाजवतो, दुसरा काही शब्द आला की ओरडतो, "चूक!"

परवा मी तिच्याकडे बसले होते. चिंगी स्वयंपाकघरातून पळत आली.

"आई, गॅस..."

"चूक!" मोबाईल ओरडला.

"मराठीत सांग बाळा," वर्षा म्हणाली. "आणि पूर्ण वाक्यात."

"आई, गॅसवर..."

"चूक!"

मी म्हटलं, "अगं, ती काय सांगतेय ते ऐक तरी!"

"तुम्ही मध्ये पडू नका, ताई. शोधू दे तिला शब्द."

चिंगी छताकडे बघत शब्द शोधायला लागली. खरं सांगू? तो वर्षालाही येत नव्हता आणि मलाही. तेवढ्यात करपल्याचा वास आला. वर्षा आत धावली आणि तिथूनच किंचाळली, "ओ माय वं! समदं दूध उतू गयं!"

जन्मापासून बोलते ती अहिराणी, अगदी पोटातून आलेली.

मोबाईल म्हणाला, "चूक! पुन्हा प्रयत्न करा."

चिंगी खूश होऊन ओरडली, "आई, तुझी मातृभाषा चुकली!"