शिलाई मशीन हरवत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि व्यापारी मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सभासद. मुख्यालयातून वेळात वेळ काढून आलेले आमचे मोठे साहेब. उद्यापासून माझ्या खुर्चीवर बसणारे आणि आजपासूनच तिच्याकडे प्रेमाने पाहणारे माझे दुय्यम अधिकारी. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. समोर बसलेले पोलीस ठाण्यातले सहकारी, पत्रकार मित्र, आणि ज्यांच्यामुळे आमची नोकरी चालते ते तक्रारदार बंधू-भगिनींनो,

माझ्याआधी जे बोलले त्यांनी माझं फारच कौतुक केलं. माझ्या काळात या भागातले गुन्हे दरवर्षी कमी होत गेले, असं प्रत्येकाने सांगितलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. तुम्हाला तो विनय वाटला असेल. वाटू द्या.

आता प्रश्न असा, की गुन्हे कमी झाले कसे? चोर पकडून? छे हो. चोर पकडायला पळावं लागतं आणि माझं शरीर तुमच्या डोळ्यांसमोर आहे. गस्त वाढवून? आमच्या गाडीची बॅटरी उतरली की तिला ढकलण्यातच सगळी गस्त खर्ची पडते. नाही, आम्ही गुन्हे बसल्या जागी कमी केले. त्याला अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे होती असा माझा परवापरवापर्यंत समज होता.

ज्यांना आमच्या खात्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. वस्तू चोरीला गेली तर तो गुन्हा. तो आकड्यात धरला जातो, तो आकडा वर जातो आणि वरून फोन येतो. पण तीच वस्तू जर गहाळ झाली असेल, तर नुसती नोंद होते. नोंदीवरून कुणी कुणाला फोन करत नाही. म्हणजे गुन्हेगारी कमी करायची असेल तर चोराच्या मागे लागायचं कारणच नाही, तक्रारदाराच्या मागे लागलं की काम होतं.

माझी पद्धत अतिशय सभ्य होती, हे मला आवर्जून सांगायचंय. मी कधी कुणावर आवाज चढवला नाही. माणूस धापा टाकत यायचा, सायकल चोरीला गेली म्हणायचा. मी त्याला बसवायचो, पाणी द्यायचो आणि म्हणायचो, घाई करू नका, शांतपणे आठवा. कुलूप लावलं होतं? नक्की? लावलंत की लावल्यासारखं वाटतंय? रोज तिथेच लावता ना, मग ही आठवण आजची कशावरून? अशाने एक गृहस्थ तर आपण त्या दिवशी चालतच आलो होतो, अशी स्वतःची खात्री पटवून घरी गेले. जाताना त्रास दिल्याबद्दल माझी माफीही मागून गेले. हातातून हिसकावलेले फोन आमच्याकडे निसटत असत. फोडलेली दारं नादुरुस्त होत असत. आमच्या भागातले लोक इतके वेंधळे कसे, असा प्रश्न एखाद्या अभ्यासकाला पडायला हवा होता, पण अभ्यासकही आमचेच आकडे वापरत होते.

ही विद्या मी हाताखालच्या सगळ्यांना शिकवली. त्यात सर्वांत हुशार निघाले ते हे, माझ्या उजव्या हाताला बसलेले दुय्यम अधिकारी. नका संकोचू, मी तुमचं कौतुकच करतोय.

या महिन्याच्या सुरुवातीला मुख्यालयाने मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय होता, गुन्हे कमी कसे करावेत. मी कडक इस्त्रीचा गणवेश घालून गेलो, तक्ते दाखवले, टाळ्या घेतल्या. त्याच दिवशी दुपारी माझ्या घरी चोरी झाली.

माझी पत्नी शिवणकाम करते. रस्त्याकडची खोली तिची, दार दिवसभर उघडं. ती मागे वाळलेले कपडे काढायला गेली आणि परत येऊन पाहते तर टेबलावर मशीन नाही. शेजारच्या मुलीच्या लग्नाचा पोशाख अर्धा शिवून त्यावरच होता, तोही नाही. मशीन हाताने उचलून नेता येईल असं आहे, पण खिशातून पडेल असं नक्कीच नाही. ती तडक ठाण्यात गेली. मी नव्हतो. हे होते.

यांनी तिला बसवलं. पाणी दिलं. आता यांच्या बाजूनेही बघायला हवं. आजचा समारंभ ठरला होता, मानपत्र छापायला गेलं होतं, वर्षाचा आकडा मागच्या वर्षापेक्षा जेमतेम खाली होता. साहेबांच्या घरच्याच चोरीने साहेबांचा विक्रम मोडावा, हे यांच्या निष्ठेला कसं पटणार? यांनी विचारलं, वहिनी, मशीन दुरुस्तीला तर दिलं नव्हतं ना? ती म्हणाली, दिलं होतं, पण मागेच परत आणलं. हे म्हणाले, नक्की आणलं? घाई करू नका, आठवा.

मी घरी पोचलो तेव्हा माझी पत्नी पलंगाखाली डोकं घालून शिलाई मशीन शोधत होती.

मी हसलो. खरं सांगतो, मला हसूच आलं. मग ती बाहेर आली आणि तिचा चेहरा बघून माझं हसू गेलं. दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आली होती. दुकानदार म्हणाला, ताई, तुम्ही ते कधीच नेलंत. तरी तिला वाटत होतं की आपण दुसऱ्याच कुठल्या दुकानात दिलं असेल. पोशाख काल शिवला की शिवल्यासारखं वाटतंय, तेही तिला सांगता येईना. माझ्या सासूबाई शेवटी शेवटी स्वतःच्या मुलीला ओळखत नव्हत्या. तेव्हापासून हिच्या मनात एकच भीती आहे, आणि ती आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. त्या संध्याकाळी ती बोलली. मला म्हणाली, "अहो, खरं सांगा. माझंही आईसारखं व्हायला लागलंय का?"

मंडळी, मी पोलीस खात्यात बरंच काही पाहिलंय. पण तो प्रश्न ऐकून मी आधी अंगावरचा गणवेश उतरवला. कारण तिला असं कुणी केलं, हे मला माहीत होतं. यांनी फक्त प्रश्न विचारले होते. प्रश्न माझे होते.

दुसऱ्या दिवशी मी यांच्यापुढे जाऊन बसलो. तक्रारदाराच्या खुर्चीवर मी त्याआधी कधी बसलो नव्हतो. तिचा एक पाय आखूड आहे. माणूस ताठ बसायला गेला की डुलतो, आणि डुलणारा माणूस खोटं बोलतोय असंच समोरच्याला वाटतं. मी म्हटलं, चोरीचा गुन्हा लिहून घ्या. हे म्हणाले, साहेब, मानपत्र छापून झालंय. मी म्हटलं, लिहा. यांनी मला पाणी दिलं आणि अगदी मायेने विचारलं, "साहेब, मशीन तुम्ही स्वतः शेवटचं कधी पाहिलं होतं?"

आणि मी आठवायला लागलो! विद्या अशी पक्की शिकवली होती, की क्षणभर मलाही वाटलं, आपल्या घरी शिलाई मशीन होतं तरी का?

शेवटी गुन्हा नोंदला गेला. त्याची प्रत मी घरी नेऊन पत्नीला दिली आणि ते प्रश्न मुळात माझेच होते, हेही सांगितलं. तिने ती दोनदा वाचली आणि चष्मा काढून डोळे पुसले. मग शेजारच्यांकडे जाऊन त्यांना दाखवून आली. पोशाख हिनेच कुठेतरी घालवला, अशी कुजबुज तिथे सुरू झाली होती, ती थांबली.

पण बायकांमध्ये बातमी पसरली, की ठाण्यात आता लिहून घेतात. दुसऱ्या सकाळी ठाण्याच्या पायऱ्यांवर रांग. कुणाची सायकल, कुणाचे नळ, कुणाच्या छपरावरचे पत्रे. आता माझ्या घरची चोरी ती चोरी आणि या लोकांच्या घरची म्हणजे विसरभोळेपणा, असं म्हणायला तोंड कुठलं? लिहा म्हटलं. सगळ्यांचं लिहा. आकडा असा चढला की मोठ्या साहेबांचा फोन आला. साहेब इथेच आहेत, ते साक्ष देतील. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे बाहेरची टोळी उतरली आहे का? मी म्हटलं, नाही साहेब, टोळी नाही. आम्ही लिहायला लागलो.

साहेबांनी फोन ठेवला. मला वाटलं, समारंभ गेला. पण साहेब मोठ्या मनाचे आहेत. त्यांनी फक्त मानपत्र बदलायला सांगितलं. आधी त्यात 'गुन्हेगारीला आळा घातल्याबद्दल' असं होतं, आता 'प्रदीर्घ सेवेबद्दल' असं आहे. पुढच्या रांगेतल्यांना वर चिकटवलेली पट्टीही दिसत असेल. डिंक अजून ओला आहे, म्हणून मी ते छातीशी धरलेलं नाही.

पत्रकार मित्रांना विनंती, की माझ्या कारकिर्दीच्या शेवटच्या महिन्यात गुन्हेगारी भडकली असं उद्या खुशाल छापा. माझ्याकडून बाहेर गेलेला तो पहिला बरोबर आकडा आहे. मशीन मात्र अजून सापडलेलं नाही. चोर पकडण्याची आम्हाला सवय नाही, थोडा वेळ लागेल.

आता आभार. अध्यक्षांचे, मोठ्या साहेबांचे, सहकाऱ्यांचे, हा हॉल झाडून-पुसून खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना काही राहिलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर निवृत्त माणूस म्हणून सांभाळून घ्या.

मी इथेच थांबणार होतो. पण आज घरातून निघताना पत्नीने विचारलं, "मला तुम्ही घरी येऊन सांगितलंत. बाकीच्यांना कोण सांगणार?" माझ्याकडे त्या लोकांची नावं नाहीत. बहुतेकांना आम्ही नोंदीशिवायच घरी पाठवलं, नावं लिहिलीच नाहीत. पण त्यांच्यातले काही जण इथे बसले असतील, तुमच्यातल्या काहींच्या घरी कुणी आई, कुणी आजोबा असतील, जे त्या दिवसापासून स्वतःवर विश्वास ठेवत नसतील. घरी गेल्यावर त्यांना माझा निरोप द्या. म्हणावं, ठाण्यातले साहेब जाता जाता सांगून गेले, तुम्ही काहीही विसरला नव्हता.