साहेब जेवलाच नाही

(वेल्ह्याकडची वरची वाडी, १९४८. भोर संस्थान विलीन होऊन थोडेच दिवस झालेत. गुरुजींच्या बिऱ्हाडाचा ओटा.)

सोनबा : पर मला अजून उमजत न्हाई, गुरुजी. खालच्या वाडीनं कोंबडं कापलं व्हतं. मग त्यो नवा साहेब जेवला कसा न्हाई?

गुरुजी : नाही जेवला, सोनबा. पाणीसुद्धा स्वतःचं आणलं होतं. पुण्याच्या स्कूल बोर्डाच्या माणसानं गावाचं खायचं नाही म्हणाला, आणि खालची शाळा तपासून तसाच घाट चढून वर आला.

सोनबा : काय म्हणावं या कर्माला! भोरचा साहेब कसा, जेवायचा, आडवा व्हायचा, मुक्काम ठोकायचा. तवर पट भराया खाली धाडलेली आपली पोरं परत यायची, अन् खालची बी संगं आणायची. दोन्ही शाळा भरलेल्या.

गुरुजी : त्या साहेबालाही ते माहीत होतं.

सोनबा : व्हय की! गेल्या साली हसून म्हणला, "पाटील, कालची पोरं आज लई ओळखीची वाटत्यात."

गुरुजी : हा हसला नाही. खोलीत मी, आणि अंबूबाईंची लेक ठकू. पायात काटा मोडला म्हणून ती राहिली होती.

अंबूबाई : वाचलं म्हणं तिनं.

गुरुजी : अख्खा धडा वाचला. कुठं अडखळली नाही. मुलगी हुशार आहे म्हणाला. मग म्हणाला, एका मुलीसाठी शाळा चालवता येणार नाही.

सोनबा : अवं, मग तोंड उघडायचं की! पोरं खाली गेल्यात म्हणायचं.

गुरुजी : मग दोन्ही शाळा गेल्या असत्या. पण खरं सांगू? एवढा विचारही केला नाही.

सोनबा : चला, भोरला जाऊ. दिवाणसायबांच्या पाया पडू. शाळेचं छप्पर उडालं तवा कौलं त्यांनीच धाडली.

गुरुजी : दिवाणसाहेब आता कुठले? भोरचं काही चालत नाही. आठवड्यापूर्वी शाळा बंद करायचा हुकूम आला तो पुण्याहून. तिथं आपल्याला कोण ओळखतं?

सोनबा : अन् आपुन पेढं वाटलं. संस्थान गेलं म्हणून नाचलो.

गुरुजी : मीही खाल्ले. झालं ते चांगलंच झालं, असं अजून वाटतं मला.

अंबूबाई : ठकूनं कुठं जायचं?

गुरुजी : खालच्या शाळेत. हुकूम तसाच आहे.

अंबूबाई : पाऊस लागल्याव? वढ्याला पाणी आलं की म्हशी बी उतरत न्हाईत.

गुरुजी : ते सांगितलं मी. बोर्ड विचार करील म्हणाला.

अंबूबाई : तिचा बाप म्हणतोय, बरं झालं, लगीन उजवून टाकू. चौथी तेवढी हू दे, म्या म्हणलं व्हतं. दुसरं काय मागितलं न्हाई.

गुरुजी : अंबूबाई, मी समजावू का त्याला?

अंबूबाई : काय समजावणार? शाळा हाय का तुमच्याजवळ?

सोनबा : आगं, गुरुजींवर कशाला?

अंबूबाई : चिडले न्हाई म्या. रडू बी येत न्हाई.

सोनबा : खोली आमी बांधली. नदीतनं दगड डोक्याव आणलं. गुरुजींना घरटी पाळीनं भाकर दिली. पोरं आमची. मग शाळा त्यांची कशी?

गुरुजी : खोली तुमचीच राहील, पाटील. ती कोणी नेत नाही. माझी नेमणूक शिवऱ्याला झालीय. उद्या निघेन, कापूरहोळला गाडी मिळाली तर बरं.

सोनबा : अन् त्या रिकाम्या खोलीचं काय करायचं आमी?

अंबूबाई : पेंढा भरा.

सोनबा : भरू की. एवढी घाई काय हाय?

अंबूबाई : आजच भरा. रोज सकाळी उठून ठकू तिथं जाऊन बसती.