मिल्टननं एकदाच ऐकलं

नाही पण, माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! जन्मभर न्यू जर्सीत औषधं विकली, निवृत्त झालो, साठवलेलं सगळं आमच्याच कंपनीच्या शेअरमध्ये. समोरच्या घरातला मिल्टनही औषधंच विकायचा, त्याचं सगळं त्याच्या कंपनीच्या शेअरमध्ये. दोन्ही कंपन्यांची गुडघेदुखीवर गोळी. तो त्यांची घेणार, मी आमची, दुसऱ्याची घेणं म्हणजे बाटणंच की! बायको गेल्यापासून रोज सकाळी डायनरमध्ये अंडी-टोस्ट खात आम्ही यावरूनच भांडायचो... दिवसभरात माझ्याशी बोलणारा तेवढा एकच माणूस हो.

आणि एके दिवशी टीव्हीवर बातमी : मिल्टनच्या गोळीनं हृदयाला धोका, गोळी बाजारातून मागे! त्यांचा शेअर धाडकन खाली, आमचा वर. वर जाणारच, लोकांचे गुडघे काय दुखायचे थांबतात? मी हसलो. थोडंसंच! त्याच्यासाठी पॅनकेक मागवले, वर म्हटलं, "मिल्टन, वीक ती रद्दी, आमचे शेअर घे." गंमत केली, माझं काय चुकलं? तो उठला, टोपी घातली, गेला. पॅनकेक तसेच.

मग आलाच नाही. आमचा शेअर रोज चढतोय, आणि सांगू कुणाला? मुलीला सिअ‍ॅटलला फोन केला तर, "डॅड, मीटिंगमध्ये आहे मी." वेट्रेस रोसानला सांगायला गेलो तर, "अजून कॉफी?" अहो, किती कॉफी पिणार माणूस...

महिनाभरात आमच्याही गोळीवर तोच संशय! एकाच जातीची औषधं ती, गुंतवणूकदार कशाला थांबतायत? आमचाही शेअर आपटला. आणि तुम्हाला खरं सांगतो, मला बरं वाटलं! म्हटलं, फिट्टंफाट. आता मिल्टन येणार, पोटभर हसणार मला, हसू दे की, समोर बसून हसेल ना! लंगडत लंगडत त्याच्या दारी गेलो, बेल दाबली. दार उघडलं ते साखळीएवढंच.

"मिल्टन," म्हटलं, "हस बाबा."

तो हसला नाही. हळूच म्हणाला, "तू म्हणालास म्हणून माझे होते नव्हते ते सगळे शेअर विकले, आणि तुमचे घेतले."

दार लावून घेतलं.

आता यात माझं काय चुकलं? इतक्या वर्षांत त्यानं माझं काही म्हणून ऐकलं नव्हतं हो... म्हणून तर मी बिनधास्त बोलायचो!