रानकोंबड्याची पिसं

"कोणी विश्वास नाई ठेवणार बाई, पण रानकोंबडा रोज आमच्या आंगणात येते अन् मान झटकून पिसं टाकून जाते. आमचा पोरगा तेच वेचते." अहेरीच्या बसमध्ये लटारू शेजारच्या आशाबाईंना सांगत होता.

"अन् पोरगा ते विकते?"

"शहरातले शौकीन त्याची खोटी माशी बनवून गळाले बांधतेत, मासा फसते. आमचा धनराज निस्ते वेचते. तरी फारेस्टवाल्यांनी काल त्याले उचलून नेलं."

"मंग आता?"

"सायबाले हेच सांगतो, पिसं दाखवतो, पोराले घेऊन येतो."

सांगता सांगता लटारूला स्वतःलाच ते पटू लागलं होतं. त्यानं पुडकं सोडलं. मीठ मांडीवर सांडलं, कापराचा वास सुटला.

आशाबाईंनी पिसं उलटून पाहिली.

"भाऊ, झटकलेल्या पिसाखाली मानेचं चामडं काऊन आहे?"