बारशाचा राऊटर

...म्हणजे चूक माझीच ठरली! तुम्हाला सांगतो, खोटेपणा मला चालत नाही. चोरीची विंडोज नको म्हणून मी लिनक्स वापरतो. राहतो विद्यापीठाच्या निवासस्थानात. तिथे मोबाइलला रेंज नाही, नेटची वायर काय ती घरातल्या माझ्या अभ्यासिकेत, आणि तीही नोंदवलेल्या एकाच संगणकापुरती... आणि तिकडे कॅनडात, आमच्या मुलाकडे, हर्षलकडे, नातीचं बारसं! इथे आमच्याकडे असलेली त्याची बहीण हर्षाली, बाळाची आत्या. बाळाच्या कानात नाव तिनेच सांगायचं, ते फोनवरून, आमच्या देवघरासमोर बसून. आणि तोवर ते कोणाला कळू द्यायचं नाही, हा तिचा हट्ट.

मग आणला वायफायचा राऊटर. सोबतच्या सूचना सगळ्या विंडोजवाल्यांसाठी! लिनक्सच्या काळ्या पडद्यावर मी आज्ञा टाइप कराव्यात, त्याने दर आज्ञेला पासवर्ड मागावा... जपाला बसतात तसा बसलो. राऊटर लागला, विद्यापीठ त्याला ओळखेना! संगणक केंद्रातल्या योगेशला इंटरकॉम केला.

"सोपंय सर. राऊटरला तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता द्या. सिस्टमला वाटेल, कॉम्प्युटरच जोडलाय."

"म्हणजे तोतया?"

"सर, अख्खी बिल्डिंग तेच करते!"

नीतिशास्त्र शिकवणाऱ्याने तोतया उभा करायचा? खोटेपणा मला चालत नाही! पण आमची ही देवळ्याची, कांद्याच्या व्यापाऱ्यांच्या घरातली, बोलणंही तसंच झोंबणारं. म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. नातीला सांगते, थांब गं बाई, आजोबांचं तत्त्व अजून आडवं पडलंय!"

हरलो. केला तोतया. पण निदान लपवू तरी नये! राऊटरला नाव द्यावं लागतं. ते आसपासच्या प्रत्येक फोनवर दिसतं. शेजाऱ्यांचं 'साईकृपा'. मी स्वच्छ लिहिलं, 'विनापरवाना'.

बारशाची आमची सकाळ, त्यांची संध्याकाळ. समई लावलेली, फोनमध्ये पाळणा, हर्षाली पुढे झुकली, "कुर्रर्र..." म्हणाली, आणि पडदा गोठला! बाळाचं जांभई दिलेलं तोंड उघडंच.

थोड्याच वेळात योगेश दारात. "काय केलंत हे सर! कुलसचिव फिरायला निघाले होते, त्यांच्या फोनवर तुमचं 'विनापरवाना' उमटलं. लगेच बंद करायला लावलं ना मला!"

"आणि बाकीच्यांचे?"

"त्यांनी लिहिलंय का तसं?"

खोटेपणा मला चालत नाही, आणि खरेपणा विद्यापीठाला... असो! हर्षाली तोवर फोन घेऊन 'साईकृपा'कडे धावली होती. त्यांनी पासवर्ड शोधेपर्यंत तिकडे सगळं उरकलं. मुहूर्त टळेल म्हणून हर्षलने घरमालकीणबाईंना आत्याच्या जागी उभं केलं. "बाळाच्या कानात नाव सांगा," म्हणाला. कोणतं, ते त्यालाही कुठे ठाऊक होतं? त्या भल्या बाईने डोळे पुसले आणि आपल्या दिवंगत आईचं नाव सांगितलं.

हर्षालीने 'मुक्ता' ठरवलं होतं. माझ्याशी बोलत नाही ती. ही म्हणते, "आपल्या घरात तरी मुक्ताच म्हणू या." कसं म्हणू? कानात गेलं ते नाव. रोज देवापुढे दिवा लावतो, हात जोडतो, आणि म्हणतो... देवा, आमच्या मार्गारेटला सुखी ठेव.