दुसरं दुकानच न्हाई!

...आन् मी गुन्हा काय केला सांगा की! भाव केला. भाव करणं गुन्हा हाय का? तुम्हाला सांगतो, लातूरच्या गोलाई बाजारात माझं भांड्याचं दुकान. बाया येतात, पातेलं वाजवून बघतात, 'लई सांगायलाव मलप्पा अण्णा' म्हणतात आन् पायरी उतरतात. मग आपुन हाक मारायची, 'ओ ताई, या की! परक्यावानी काय निघालाव?' गिऱ्हाईक पायरी उतरल्याबिगर खरा भाव निघतच न्हाई, ही आमची रीत! पण त्याला शेजारी दुसरं दुकान लागतं ना? इथं दुसरं दुकानच न्हाई!

झालं काय, आमच्या महादेवीला एका गायकाचं भारी वेड. कपाटात त्याचा फोटू हाय, माझा न्हाई! लग्न झाल्यापासून बाईनं कधी काही मागितलं न्हाई. परवाच्या साली म्हनली, "आवं, तो नांदेडला गायला यायलाय. एकदा समोर बसून ऐकू द्या. कानानं कमी ऐकू यायलंय मला... पुढं ऐकू येतंय न येतंय." आता एवढं म्हनल्यावर माणूस न्हाई कसं म्हणंल?

उघडलं मोबाइलवर तिकीट विकणाऱ्या कंपनीचं दुकान. तिकिटाखाली 'सुविधा आकार'. कुणाची सुविधा? बोट मी दाबायलो, वाट मी बघायलो! त्याच्याखाली 'हाताळणी आकार'. आवं, तिकीट मोबाइलमधी, हाताळलं कुणी? म्हनलं थांब गड्या, तुला दाखवतो लातूरचा हिसका... आन् उतरलो पायरी! म्हणजे दाबलं मागं जायचं बटन आन् बसलो मोबाइल मांडीवर घेऊन. आता हाक मारंल... मग मारंल...

महादेवी म्हनली, "काय झालं वं?"

"गप बस. घायकुतीला यायलाय त्यो!"

चहा पिऊन उघडतो तर काय? 'सर्व तिकिटे संपली!' आन् त्याच्याच खाली, त्याच कंपनीचं, 'पुनर्विक्री'. तीच खुर्ची, भाव तिप्पट! आमच्या टाकीजवर पोरं ब्लॅक करायची तर पोलीस कान धरून न्यायचे. ह्यांनी त्याचं बटनच बनवलं!

मेव्हण्याला फोन लावला. राजशेखर, वकील हाय. म्हनलं, दुसऱ्या कंपनीचं बघ. तर हसायला लागला, "दाजी, दुसरी कंपनी हिनंच विकत घेतली. गायकाचा करार हिचा, मैदानाचा ठेका हिचा. दुसऱ्यानं तिकीट विकलं तर मैदानच मिळत न्हाई."

"आरं, पाणी तरी?"

"घरून न्यायचं न्हाई. बाटली बी हिचीच."

घ्या! दुसरं दुकानच न्हाई!

महादेवी उठली. "राहू द्या," म्हनली आन् भाकरी थापायला गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं हो! ते 'राहू द्या' लई लागलं मला. तसाच उठलो, राजशेखरकडून दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडं तक्रार ठोकली. आनखी बी लोकांच्या होत्याच. पावणेदोन वर्षं तारखा, तारखा, तारखा... आन् लागला की निकाल! कंपनी दोषी! एकटीनं बाजार अडवला म्हणून जबरी दंड! गोलाईभर पेढे वाटले मी.

आन् योग बघा, गायक लातूरलाच आला. ह्या टायमाला भाव न्हाई, काही न्हाई, डोळे झाकून बटन दाबलं. दुसऱ्याच रांगेत बसलो. त्यानं सूर लावला आन् महादेवीनं माझा हात जो धरला, तो शेवटपर्यंत सोडला न्हाई. पदरानं डोळे पुसायली, हसायली. खरं सांगतो, पैसे फिटले!

बाहेर आलो, खुशीत पावती उघडली. सुविधा आकार... हाताळणी आकार... आन् खाली नवीनच, 'नियामक आकार'. हे आन् काय? लावला राजशेखरला फोन.

"दाजी... तो कंपनीला झालेला दंड हाय. गिऱ्हाइकाकडून वसूल करायलेत."

म्हणजे फिर्याद माझी, पेढे माझे, आन् दंड बी मीच भरला! आता न भरून जाता कुठं? दुसरं दुकानच न्हाई!

महादेवी म्हनली, "मग करा की पुन्हा तक्रार."

म्हनलं, "नको बाई... पुन्हा जिंकलो तर परवडायचं न्हाई!"